लाकडी वाडगे कातायला लेथचा हेडस्टॉक (लाकूड धरून गरगर फिरवणारा भाग) फिरणारा, म्हणजे जागच्या जागी वळवता येणारा, घ्यावा की बेडवरून सरकणारा?

दोन्हींचा हेतू एकच: वाडग्याचं पोट कोरताना बेडवर (लेथच्या लांब आडव्या पाट्यावर) ओणवं व्हायला लागू नये आणि गाउजचा (पन्हाळीसारख्या कातण्याच्या हत्याराचा) दांडा बेडला अडू नये. दोन्हींवर काम केलंय, म्हणून लिहितो.

फिरणारा हेडस्टॉक जागा वाचवतो, हे मान्य. आमच्या जालन्याकडे बहुतेकांचं काम पत्र्याच्या शेडमध्ये, लेथ भिंतीला लागून. हेडस्टॉक आपल्याकडे वळवला की झालं. वीस-तीस अंशांपर्यंत बॅन्जो (टूलरेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायची पट्टी, धरणारा सरकता भाग) बेडवरूनच पुरतो, तिथवर माझी तक्रार नाही. त्यापुढे गेलं की टूलरेस्टसाठी बाहेर काढलेला जोडहात लावावा लागतो, आणि माझं मन तिथंच उठलं. वाळलेली बाभूळ, त्यात गाठ. काठाशी गाउज टेकवला की तो हात किंचित थरथरतो. डोळ्यांना दिसत नाही, मनगटाला कळतं. लाकडावर बारीक लाटा उठतात आणि मग पॉलिशपेपर घेऊन घासत बसा. बोल्ट आवळले, खालून टेकू दिला. थरथर कमी झाली, गेली नाही. जाड बिडाचा हात असेल तर कदाचित वेगळा अनुभव येईल.

शिवाय ओबडधोबड ठोकळा पहिल्यांदा गोल करताना टेलस्टॉकचा (बेडच्या दुसऱ्या टोकाकडून लाकूड दाबून धरणाऱ्या भागाचा) आधार हवाच. त्यासाठी हेडस्टॉक सरळ करा, नंतर वळवा, पुन्हा सरळ केला की दोन्ही टोकं जुळतात का ते बघा.

सरकणारा मात्र टेलस्टॉक उतरवून उजव्या टोकाकडे आणायचा, पुढे बॅन्जोपुरता बेड ठेवायचा आणि टोकाशी ताठ उभं राहायचं. टूलरेस्ट बेडवरच घट्ट बसतो. माझ्यासाठी इथंच पारडं झुकलं.

त्रास यातही आहे. टेलस्टॉक उचलायला जड, आणि टोकाशी माणूस उभा राहील एवढी जागा लागते. ओल्या बाभळीच्या रसात टॅनिन असतं; ते लोखंडाला लागलं की बेड काळानिळा पडतो आणि हेडस्टॉक अडखळत सरकतो. काम संपलं की लगेच पुसून मेण लावतो.

शेड अगदीच अरुंद असेल आणि उथळ ताटल्याच कातायच्या असतील, तर फिरणारा बिनधास्त घ्या, फक्त तीस अंशांच्या आत ठेवा. खोल वाडग्यांसाठी मी तरी सरकणाराच सुचवेन. कोणताही घेतलात तरी लोखंडी अँगलचा स्टँड वेल्डिंग करून घेताना स्पिंडल (हेडस्टॉकमधला फिरणारा दांडा) तुमच्या कोपराच्या उंचीला येईल असं माप द्या.