टर्निंगच्या (लेथवरच्या कातऱ्याच्या) लाइनवर ड्रम मॅग्नेट बसवलं, घ्यावं की नाही?

भोसरीला आमची छोटी भट्टी आहे, स्क्रॅप वितळवून एडीसी १२ चे (डाय कास्टिंगच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे) इंगट, म्हणजे ठोकळे काढतो. मशीन शॉपवाले ॲल्युमिनियम आणि बीड (कास्ट आयर्न) एकाच लेथवर घेतात त्यामुळे टर्निंगमध्ये लोखंडाचा चुरा भरपूर, आणि स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजायच्या मशीनवर) आयर्न चढलेलं, म्हणून निओडिमियमचं ड्रम मॅग्नेट, म्हणजे लोखंड ओढून वेगळं करणारा फिरता चुंबकी ड्रम घेतला, लोकल मेकचं.

काम करतं, विषयच नाही. सुकी टर्निंग पातळ थरात सोडली की ड्रमच्या मागच्या बाजूला काळा चुरा वेगळा पडताना दिसतो, त्यात तुटके टॅप, वॉशर, स्प्रिंगचे तुकडे काय काय निघतं. थर जाड झाला किंवा माल कूलंटने ओला असला तर मात्र लोखंड ॲल्युमिनियमला चिकटून सरळ पुढे जातं, म्हणजे आधी ड्रायर हवाच.

सेल्सवाला म्हणतो आयर्न झिरो होईल, ते सोडून द्या हो. हे फक्त सुटं लोखंड पकडतं. एसएस ३०४ चे (चुंबकाला न चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे) बोल्ट आरामात पार होतात, आणि बिडाचा लायनर बसवलेल्या ब्लॉकसाठी उतरत्या हार्थची भट्टीच पाहिजे, ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळून खाली वाहतं, बीड साधारण ११५०-१२०० शिवाय वितळत नाही, ते तसंच ओढून बाहेर काढायचं. मेल्टमध्ये (वितळलेल्या मालात) लोखंड राहिलं की हळूहळू विरघळतं आणि मग फ्लक्स (मळ काढायची पावडर) मारा नाहीतर डिगॅसिंग (गॅस काढणं) करा, निघत नाही, चांगला माल घालून पातळ करणं एवढंच हातात. मँगनीज टाकून लोखंडामुळे धातूत बनणाऱ्या सुयांचा आकार सुधारतो पण आयर्न तेवढंच राहतं, शिवाय होल्डिंग भट्टीच्या (वितळलेला माल धरून ठेवायच्या) तळाला स्लज, म्हणजे गाळ वाढतो.

एडीसी १२ ला आयर्न १.३ टक्क्यांपर्यंत चालतं, माल डायला (साच्याला) चिकटू नये म्हणून थोडं लागतंही. पण ए३५६ (दुसरा ॲल्युमिनियम मिश्रधातू) काढणार असाल तर तिथे ०.२० टक्क्यांची लिमिट, निव्वळ मॅग्नेटच्या भरवशावर राहू नका.

राग एकाच गोष्टीचा. साधं निओडिमियम ८० डिग्रीच्या वर गेलं की कायमचं कमजोर पडतं आणि आमच्याकडे माल ड्रायरमधून थेट ड्रमवर येतो, त्यांचा माणूस लाइन बघून गेला तरी कोटेशनमध्ये त्याबद्दल एक शब्द नाही! विचारल्यावर म्हणे हाय टेंपरेचर ग्रेड येतो, पैसे जास्त.

पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर वरचं एसएसचं शेल स्पेअरमध्ये ऑर्डरसोबतच मागवा, चुऱ्याने ते घासतं आणि नंतर मागितलं की नुसतं "उद्या पाठवतो साहेब" चालू असतं.