चित्रकथी की कावी?

बेळगावच्या प्रदर्शनासाठी मिश्र माध्यमातलं चित्र करायचंय, आधार लोककलेचा. चित्रकथी पिंगुळीची, आंबोली घाट उतरून सावंतवाडीच्या पुढे. ठाकर समाजाची कला, रामायण-महाभारतातली पात्रं, टपोरे डोळे. वडगावच्या जुन्या साडीचा काठ कापून चिकटवला की रावणाचा शेला आयताच तयार! फक्त गोंद जास्त झाला की कागद फुगतो. माझे दोन तसेच गेले.

कावी गोवा-कोकणातल्या देवळांची. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर काव, म्हणजे लाल माती लावायची आणि वाळायच्या आत कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. दोनच रंग, पण उठाव बघत राहावा असा. भिंतीवर शोभते ती. प्लायवर गिलावा चढवला तर चित्र उचलायला दोघं लागतात.

यंदा चित्रकथीच.