माज ओळखायचा कशावरून: रेड्याचं नाक, सोट की दुधाची तपासणी?

माज म्हणजे गाय-म्हैस फळायला तयार असते तो काळ. एक माज हुकला की २१ दिवस गेले. चारा-पेंड तेवढीच लागते, भाकड काळ मात्र लांबतो. मोकळ्या गोठ्यात गाय दुसरीवर चढते, दुसरीला चढू देते, हंबरते, आणि हे सगळं डोळ्यांना दिसतं. पण दावणीला बांधलेली गाय चढणार कुणावर? म्हशीचं तर विचारूच नका. तिचा माज मुका, म्हणजे लक्षणं फारशी न दाखवणारा, त्यातून उन्हाळ्यात तो बहुधा रात्री किंवा पहाटे. अशा ठिकाणी मादीचं शरीर जे रासायनिक निरोप सोडतं, ते वाचण्याची काहीतरी सोय लागते. हाताशी तीन आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. खरेदी करताना गल्लत होते ती इथेच.

सगळ्यात जुनी सोय म्हणजे नराचं नाक. माजावरच्या मादीच्या लघवीत आणि स्रावात काही खास गंधद्रव्यं असतात. रेडा ती लघवी हुंगतो, मान ताणतो, वरचा ओठ वर वळवतो आणि थोडा वेळ तसाच उभा राहतो. त्या वेळी टाळूतल्या बारीक छिद्रांतून गंध आतल्या एका वेगळ्या ज्ञानेंद्रियाकडे जातो. तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठातल्या संशोधकांनी माजावरच्या म्हशींच्या लघवीत ४-मिथाइलफिनॉलसारखी संयुगं ओळखली आणि त्यांचा नरावर होणारा परिणामही तपासला. अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला १९७८ च्या सुमारास तर कुत्र्यांना माजाचा वास ओळखायला शिकवलं होतं, आणि ती शिकलीही. पण रोज सकाळी कुत्रं घेऊन दावणीवरून फिरणार कोण?

नुसता ओठ वळवला म्हणजे म्हैस माजावर आहे, असं मात्र धरू नका. माजावर नसलेल्या म्हशीची लघवी हुंगूनही रेडा तसंच करतो, आणि माजाच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मागे लागतो. खरी खूण एकच: तो चढायला आला आणि म्हैस शांत उभी राहिली. म्हणून नसबंदी केलेला रेडा सकाळ-संध्याकाळ म्हशींमधून फिरवायचा. नसबंदी झाली तरी त्याचा मादीशी संग होतोच, त्यामुळे लैंगिक मार्गाने पसरणारे रोग त्याच्याकडून पसरू शकतात. त्याची तपासणी टाळू नका. शिवाय वर्षभर त्याला खायला घालायचं आणि त्याला आवरणारं माणूस ठेवायचं. दोन म्हशींसाठी हे परवडत नाही. पंधरा-वीस म्हशी असतील, किंवा शेजारच्या चार गोठ्यांनी मिळून एक रेडा सांभाळला, तर गणित जमतं. गायींसाठी वळू ठेवणार असाल तर आणखी एक विचार करा. महाराष्ट्रात २०१५ पासून वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हणजे म्हातारा झाल्यावरही तो तुमच्याच दावणीला.

सोट, म्हणजे माजात योनीतून येणारा चिकट स्राव, बघायला पैसे लागत नाहीत. माजात इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे हा स्राव पातळ, स्वच्छ, तार धरणारा होतो आणि त्यातल्या मिठाचं प्रमाण बदलतं. त्याचा थेंब काचपट्टीवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते. नक्षी ठळक असेल तर कृत्रिम रेतनाची वेळ बरी. तुटक असेल तर घाई किंवा उशीर झालेला असू शकतो. तुमच्या पशुवैद्यकाकडे सूक्ष्मदर्शक असेल तर हे जरूर करून घ्या. माझ्या मते या तपासणीचा खरा फायदा वेगळाच आहे. सोट गढूळ किंवा पुवाळ दिसला तर त्या माजाला रेतन न करता आधी गर्भाशयाचा उपचार करायचा, हे तिथल्या तिथे ठरतं. योनीत घालून स्रावाचा विद्युतरोध मोजणारी यंत्रंही मिळतात. माजात तो आकडा घसरतो. पण प्रत्येक जनावराचा नेहमीचा आकडा वेगळा, म्हणून रोज मोजावं लागतं आणि दरवेळी नळी निर्जंतुक करावी लागते. महिनाभरात कंटाळा येतो.

दुधातल्या प्रोजेस्टेरॉनची तपासणी सगळ्यात शास्त्रीय, आणि तिच्याबद्दलच गैरसमज जास्त. हे संप्रेरक बीजांडकोशातल्या पीतपिंडातून येतं. दोन माजांच्या मधल्या काळात ते भरपूर असतं, माजाच्या वेळी जवळजवळ नाहीसं होतं. म्हणजे पातळी कमी आली की माज? नाही. ती माजाच्या आधी आणि नंतरही काही दिवस कमीच असते. रेतनाला मात्र तास लागतात: माज संपल्यावर साधारण १० ते १२ तासांनी बीजांड सुटतं, म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन. तेवढी बारीक वेळ एका दुधाच्या नमुन्यातून निघत नाही. त्यात, जी मुळीच माजावर येत नाही तिचंही प्रोजेस्टेरॉन कमीच असतं.

मग ती करायची कशाला? ‘आत्ता नाही’ हे सांगायला. रेतनाच्या दिवशीच्या दुधात पातळी जास्त निघाली तर ती माजावर नव्हतीच. काही गाभण गायीही माजाची लक्षणं दाखवतात, आणि तशा गायीला रेतन केलं तर गर्भ जाऊ शकतो. रेतनानंतर २१ ते २४ व्या दिवशी पातळी कमी असेल तर गाभण नाही, हे जवळपास पक्कं. जास्त असेल तर शक्यता आहे, पण पुढे गाभण तपासणी करावीच लागते. माज न दाखवणाऱ्या म्हशीचे दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घ्या. दोन्हींत पातळी कमी असेल तर बीजांडकोश थंड आहेत, म्हणजे चक्रच बंद आहे, खाद्य आणि खनिज मिश्रणाकडे बघा. एकात जास्त असेल तर चक्र चालू आहे, माज तुमच्या नजरेतून सुटतोय. एक काळजी घ्या: प्रोजेस्टेरॉन स्निग्धांशाबरोबर जातं, त्यामुळे शेवटच्या धारांत ते जास्त भरतं. दोन्ही नमुने धारेच्या एकाच टप्प्यावरचे हवेत.

दूध काढतानाच हे मोजणारी स्वयंचलित यंत्रणा युरोपात आहे. आपल्या दहा-वीस जनावरांच्या गोठ्याला तिचा विचारही नको. गळ्यातले हालचाल मोजणारे पट्टे रासायनिक नव्हेत, पण मुक्तसंचार गोठ्यातल्या संकरित गायींना ते या तिन्हींपेक्षा सोयीचे.

तेव्हा चार-पाच गायी दावणीला असतील तर पैसे कशावरच घालू नका. पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटं गोठ्यात थांबा, शेपटीखाली सोट बघा, तारीख भिंतीवर लिहा. शेपटीला रक्त दिसलं तर माज दोन-तीन दिवसांपूर्वी होऊन गेला. तिथून अठरा-एकोणीस दिवस मोजा आणि नजर ठेवा. म्हशी जास्त असतील तर रेडा. आणि एखादी सारखी उलटत असेल, म्हणजे रेतन करूनही पुन्हा माजावर येत असेल, किंवा महिनोन् महिने गप्प असेल, तर दुधाच्या तपासणीवर खर्च करा, फक्त तिच्यापुरता.