जुना प्रोग रॉक ५.१ मध्ये: लिझार्डचं नशीब उघडलं, डार्क साइडवरून भांडणं चालूच

जुन्या प्रोग रॉक (लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) अल्बमचे सराउंड रिमिक्स, म्हणजे जुन्या टेपवरून चहूबाजूंच्या स्पीकरसाठी नव्याने केलेली आवाजाची जुळणी, घ्यावेत का असं कोणाला विचारलं की दोनच उत्तरं मिळतात. एक गट म्हणतो कानांचं सार्थक झालं, दुसरा म्हणतो तोच माल नवीन खोक्यात भरून विकतायत आणि तुम्ही येडे घेताय. मी यातले बरेच ऐकलेत, साधा मधल्या किमतीचा रिसीव्हर आणि पाच स्पीकर, फार भारी काही नाही. माझं मत असं झालंय की दोन्ही गट बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या अल्बमबद्दल बोलतायत. ज्या रेकॉर्डमध्ये मुळातच दोन स्पीकरात मावणार नाही एवढी गर्दी होती तिथं सराउंडने कमाल केलीय, आणि जी स्टिरिओमध्येच परफेक्ट होती तिथं गंमत आहे, छान आहे, पण त्यावाचून काही अडलं नव्हतं.

आता लिझार्डच घ्या. किंग क्रिमझनचा १९७० चा अल्बम, चाहत्यांमध्ये सुद्धा नावडतीचा. बँडचा म्होरक्या गिटारवादक रॉबर्ट फ्रिप स्वतः कित्येक वर्षं याच्याबद्दल धड बोलत नव्हता, गायक गॉर्डन हॅस्केलला तर तो आवडला नाहीच आणि अल्बम झाल्यावर लगेच तो बँड सोडून गेला. का ते जुनं मिक्स लावलं की कळतं. कीथ टिपेटचा जॅझ पियानो, मेल कॉलिन्सचा सॅक्स, कॉर्नेट, ट्रॉम्बोन, ओबो, मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज वाजवणारा कीबोर्ड), वरून सिंथचे चित्रविचित्र आवाज, म्हणजे लग्नाच्या मांडवात सनईवाले, बँडवाले आणि डीजे एकदमच सुरू व्हावेत तसं. २००९ मध्ये स्टीव्हन विल्सनने हे सगळं मूळ मल्टिट्रॅक टेपवरून (ज्यावर वाद्यं वेगवेगळी नोंदलेली असतात) उलगडून ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, मांडलं, आणि ज्यांनी हा अल्बम एकदा ऐकून कपाटात टाकला होता तेच लोक आता भेटेल त्याला लिझार्ड ऐक लिझार्ड ऐक करत फिरतात. त्यातल्या सर्कस या गाण्याच्या सुरुवातीचा तो हळू इलेक्ट्रिक पियानो आणि त्यावर एकदम चालून येणारा मेलोट्रॉन, हे मी आधी ऐकलं होतं पण त्यातलं कोण कुठे आहे हे कळत नव्हतं. आता कळतं. मुख्य म्हणजे फ्रिपचंही मत फिरलं, आणि फ्रिपचं मत फिरणं ही काय साधी गोष्ट नाही हे त्याच्या मुलाखती वाचलेल्यांना सांगायला नको. तरी प्रामाणिकपणे सांगतो, ज्याला मुळात वाकडंतिकडं जॅझ चालत नाही त्याचं डोकं पाच स्पीकरवर पाचपट दुखेल.

विल्सन आपल्याकडच्या बऱ्याच जणांना माहीत आहे तो त्याच्या पोर्क्युपाइन ट्री या बँडमुळे, त्याच २००९ ला ते आयआयटी बॉम्बेच्या मूड इंडिगोला वाजवून गेले होते. हा माणूस स्वतः या रेकॉर्डचा भक्त आहे आणि त्याची पद्धत मला पटते. तो आधी जुनं स्टिरिओ मिक्स समोर ठेवून जवळपास तसंच बनवतो, कुठला आवाज किती मोठा, इको किती, आणि ते जुळलं की मगच सराउंडमध्ये पसरवतो. त्यामुळे गाणं बदललंय असं वाटत नाही. शिवाय नंतर आवाज उगाच दाबून मोठा करत नाही, म्हणून डिस्क लावली की आधी वाटतं आवाज कमी आहे, व्हॉल्यूम वाढवावा लागतो, आणि मग जे काय येतं ना राव!

जेथ्रो टलचा ॲक्वालंग दुसरं उदाहरण. १९७१ चा अल्बम, गाणी एक नंबर, पण आवाज कायमच मातकट. लंडनमध्ये आयलंड या रेकॉर्ड कंपनीच्या नव्या स्टुडिओत केला होता, जुन्या चर्चची इमारत, आणि तिथल्या मोठ्या खोलीने बँडचा म्होरक्या इयन अँडरसनला बराच त्रास दिला. तेव्हा लोकांनी ठरवूनच टाकलं होतं की रेकॉर्डिंगच खराब आहे. २०११ ला विल्सनचं मिक्स आलं आणि लक्षात आलं की टेपवर सगळं व्यवस्थित होतं, घोळ पुढे मिक्सिंगमध्ये झालेला. यावर मात्र कोणाची भांडणं फारशी नाहीत, अगदी रिमिक्सच्या नावाने नाक मुरडणारे सुद्धा ॲक्वालंगला सूट देतात. आणि यातले बरेच जण सराउंड सोडून नवीन स्टिरिओ मिक्सचंच कौतुक करतात, हेही सांगायला पाहिजे.

यस या बँडच्या क्लोज टू द एजवर (१९७२ चा, रिमिक्स २०१३ चं) मात्र खरी फाटाफूट आहे. त्याच नावाचं अठरा मिनिटांचं गाणं, तुकड्या-तुकड्यात रेकॉर्ड करून साउंड इंजिनिअर एडी ऑफर्डने टेप कापून जोडलेलं, आणि मधे कीबोर्डवाला रिक वेकमन लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चचा खराखुरा पाइप ऑर्गन वाजवतो. तो ऑर्गन सराउंडमध्ये सुरू झाला की भिंती मागे सरकल्यासारखं होतं, आणि त्याच्या आधीचे ते एकावर एक चढलेले गायनाचे पदर, ते आजूबाजूला पसरले की शब्द वेगळे ऐकू यायला लागतात. (अर्थ तरीही लागत नाही, गायक जॉन अँडरसनचे शब्द आहेत ते.) पण जुने ऐकणारे म्हणतात की यात मूळचा धसमुसळेपणा गेला. ख्रिस स्क्वायरचा बास आणि बिल ब्रुफर्डचे ड्रम एकमेकांच्या अंगावर येत होते, त्यातून जो जोर तयार व्हायचा तो वाद्यं लांब लांब बसवल्यावर जरा ओसरला. मला सुरुवातीच्या पळापळीत हे पटतं, तिथं मी अजून जुनंच लावतो. डिस्कवर मूळ मिक्सही दिलंय त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

आता डार्क साइड ऑफ द मून. इथं तर युद्धच आहे. पिंक फ्लॉइड हा आवाज फिरवण्याचा नाद असलेला बँड, १९६७ लाच लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये जॉयस्टिक लावलेली पेटी घेऊन आवाज हॉलभर फिरवत होते. या अल्बममधल्या टाइम गाण्यातली ती घड्याळं सुद्धा साउंड इंजिनिअर ॲलन पार्सन्सने मुळात क्वाड्रोफोनिकचा (चार स्पीकरच्या आवाजाचा) नमुना दाखवण्यासाठी रेकॉर्ड केली होती. म्हणजे १९७३ ला पार्सन्सने जे चार स्पीकरचं क्वाड मिक्स केलं ते काय नंतर सुचलेलं ठिगळ नव्हतं. मग २००३ ला दुसरा इंजिनिअर जेम्स गथ्री याचं ५.१ सुपर ऑडिओ सीडीवर आलं, फार सफाईदार, फार सभ्य. पार्सन्स म्हणाला हे स्टिरिओला जरा जास्तच चिकटून आहे, तेव्हापासून लोकांचे दोन पक्ष. पार्सन्सवाल्यांना मनी गाण्यातली नाणी डोक्याभोवती फिरायला पाहिजेत, गथ्रीवाल्यांना ते सर्कशीतलं वाटतं. २०११ च्या इमर्शन या बॉक्स सेटमध्ये दोन्ही एकत्र मिळाली, तरी भांडण मिटलं नाही, उलट आता पुराव्यानिशी भांडतात. मी पार्सन्सकडून. गथ्री तुम्हाला चांगल्या सीटवर बसवतो पण सीट शेवटी प्रेक्षकातच, आणि तेवढ्यासाठी माझे जुने दोन स्पीकर पुरेसे आहेत की. २०२३ ला गथ्रीनेच ॲटमॉस (वरूनही आवाज येणारं सराउंड) मिक्सही केलंय, ते मी हेडफोनवर ऐकलं आणि हेडफोनवरच्या ॲटमॉसबद्दल माझं मत चांगलं नाही, सगळं जरा लांबून आणि पातळ येतं, त्यावरून मिक्सला नावं ठेवणार नाही.

जेनेसिस या बँडबद्दल थोडक्यात. २००७-०८ चे निक डेव्हिसचे रिमिक्स, मांडणी चांगली पण आवाज एवढा दाबून मोठा केलाय की अर्ध्या तासात कान थकतात. चाहत्यांची ही तक्रार तेव्हाही होती आणि मला ती शंभर टक्के मान्य.

घ्यायच्या आधी दोन-चार गोष्टी बघा. आपल्याकडे मागचे स्पीकर सरसकट छताजवळ खिळ्याला टांगतात, सिनेमाला चालून जातं, पण या मिक्समध्ये मागून अख्खी गिटार किंवा कोरस येतो, त्यामुळे ते कानाच्या उंचीला आणि थोडे बाजूला-मागे पाहिजेत, आणि फार चिमुकले नकोत. रिसीव्हरचे हॉल, स्टेडियम वगैरे इफेक्ट बंद करा प्लीज. ब्लू-रे कुठल्याही ब्लू-रे प्लेअरवर चालते, डीव्हीडी-ऑडिओवर सहसा डीटीएसचा ट्रॅक असतो तो साध्या डीव्हीडी प्लेअरवर पण वाजतो, सुपर ऑडिओ सीडीच्या सराउंडला मात्र ते वाचणारा प्लेअरच लागतो, नाहीतर नुसतं स्टिरिओ ऐकत बसाल. या डिस्क थोड्याच छापतात, संपल्या की सेकंडहँडवाले वाट्टेल तो भाव लावतात, आणि बाहेरून मागवली तर कस्टम्सचं वेगळं. साउंडबारवाल्यांनी या भानगडीत पडू नये, नवीन स्टिरिओ मिक्स ऐकावं, बराचसा फायदा तिथंच मिळतो.

पहिला कुठला घ्यायचा? जॅझ चालत असेल तर लिझार्ड, नसेल तर ॲक्वालंग. मग क्लोज टू द एज. डार्क साइड सगळ्यात शेवटी, आणि घेतलात तर आधी पार्सन्सचं लावा.