विहिरीवरच्या पाणीपातळी यंत्राला कोणती वीज द्यावी : अणुबॅटरी, लिथियम थायोनिल सेल की सौर पॅनल?

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात १२ विहिरींवर पाणीपातळी नोंदवणारी यंत्रे बसवायचे ठरल्यापासून पाणीवापर गटाच्या प्रत्येक बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : ५० वर्षे चालणारी अणुबॅटरी निघाली आहे म्हणतात, मग तीच का घेऊ नये? प्रश्न रास्त आहे. ज्या मराठवाड्यातल्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे पातळीची नोंद मध्येच तुटणे परवडत नाही. शिवाय आपल्या काळ्या पाषाणातले पाणी मुरमाच्या आणि भेगांच्या थरांतच साठत असल्यामुळे पातळी भराभर खाली जाते.

बैठकीत जिचे नाव निघते ती बॅटरी बेटाव्होल्ट या चिनी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केली. तिचे माप १५ × १५ × ५ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट आणि शक्ती १०० मायक्रोवॅट (मायक्रोवॅट म्हणजे वॅटचा दहा लाखावा भाग). तिच्यातल्या निकेल-६३ या किरणोत्सारी धातूच्या अणुकेंद्रांतून सतत इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि शेजारच्या हिऱ्याच्या अर्धवाहक थरावर आदळून वीजप्रवाह निर्माण करतात. सौर पॅनलमध्ये सूर्यप्रकाश जे काम करतो तेच इथे हे इलेक्ट्रॉन करतात, म्हणून तिला रात्र नाही आणि आभाळही नाही. कल्पना जुनी आहे; हेन्री मोस्ली या शास्त्रज्ञाने १९१३ मध्येच तिचे प्रात्यक्षिक दाखवले होते. निकेल-६३ चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ, सुमारे १०० वर्षे असल्यामुळे ५० वर्षांनंतरही त्याची ७० टक्के क्रियाशीलता शिल्लक राहते, तेव्हा टिकाऊपणाचा दावा निराधार नाही.

अडचण शक्तीची आहे. १०० मायक्रोवॅट म्हणजे ३ व्होल्टला जेमतेम ३३ मायक्रोअँपिअर. ५,००० मिलिअँपिअर-तासांचा साधा मोबाईल तिच्यावर एकदा पूर्ण चार्ज व्हायला २१ वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि ५ एचपीची मोटार चालवायला अशा सुमारे ३ कोटी ७३ लाख बॅटऱ्या लागतील. मग निकेलचा पत्रा जाड का करत नाहीत, असे कोणीही विचारील. आतल्या थरातून सुटलेले इलेक्ट्रॉन धातूतच अडकून पडतात आणि बाहेर येतच नाहीत, त्यामुळे पत्रा २ मायक्रॉन इतका पातळ ठेवून थरावर थर रचावे लागतात. निकेल-६३ खाणीत सापडत नाही. नैसर्गिक निकेलमध्ये ४ टक्क्यांहून कमी असलेल्या निकेल-६२ वर अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करून ते तयार करावे लागते, आणि किंमत तिथेच वाढते.

आता आपल्या यंत्राचा हिशेब पाहू. झोपेत असताना ते साधारण ३६ मायक्रोवॅट घेते. तासाला एकदा जागे होऊन पातळी मोजणे आणि लोरा रेडिओवरून (थोड्या विजेत छोटे निरोप दूरवर पाठवणारी बिनतारी पद्धत) निरोप पाठवणे धरले, तर सरासरी १५० मायक्रोवॅटपर्यंत जाते. अणुबॅटरीवर हाच निरोप दर दोन तासांनी, तोही मध्ये कपॅसिटर (वीज साठवून ती झटक्यात देणारा भाग) बसवून, कसाबसा पाठवता येईल. सिमकार्डवरून निरोप पाठवायचा तर दिवसाला एकसुद्धा अवघड आहे.

याउलट डी आकाराच्या लिथियम थायोनिल क्लोराइड सेलमध्ये ३.६ व्होल्टला १९ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे ६८ वॅट-तास ऊर्जा असते. अणुबॅटरी ५० वर्षांत सगळी मिळून सुमारे ३७ वॅट-तास देते. म्हणजे मुठीत मावणाऱ्या या सेलमध्ये तिच्या अर्धशतकाच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा आजच भरलेली आहे, आणि माझ्या दृष्टीने निवडीचा निकाल इथेच लागतो. आपल्या यंत्राला १० वर्षांत सुमारे १३ वॅट-तास लागतील. सेल स्वतःहून वर्षाला एखादा टक्का गमावतो, उष्णतेत अधिक. तो तोटा धरूनही १० वर्षे निघतात.

या सेलची एक खोड मात्र माहीत असावी. बराच काळ पडून राहिल्यावर आतल्या लिथियमवर क्षाराचा पापुद्रा धरतो. त्यामुळेच सेल इतकी वर्षे टिकतो, पण पहिल्या निरोपाच्या वेळी दाब एकदम खाली बसतो आणि यंत्र बंद पडल्यासारखे वाटते. त्याच्या जोडीला कपॅसिटर हवाच. हा सेल चार्जरला कधीही लावू नये. तो फुटू शकतो.

सौर पॅनल आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणारी लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी ही जोडी शक्तीत सर्वांत पुढे आहे, पण प्रत्येक विहिरीवर ती सांभाळणे जड जाते. गेल्या वर्षी चाचणीसाठी लोखंडी खांबावर डबा बसवला होता. मे महिन्यात दुपारी त्याला हात लावला की चटका बसे, आणि दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या मळणीचा भुसा पॅनलवर असा चिकटला की ओल्या फडक्याने दोनदा पुसावा लागला. चोरीची भीती वेगळीच. मात्र १२ यंत्रांचे निरोप गोळा करून इंटरनेटवर टाकणाऱ्या केंद्राला दिवसाला ७० वॅट-तासांच्या आसपास वीज लागते, आणि तिथे सौर पॅनलला पर्याय नाही.

अणुऊर्जेवर चालणारी दुसरी जात उष्णतेची. १९७७ मध्ये निघालेल्या प्रत्येक व्हॉयेजर यानाला प्लुटोनियम-२३८ च्या उष्णतेतून सुरुवातीला सुमारे ४७० वॅट वीज मिळत होती. आपल्या चांद्रयान-३ च्या प्रोपल्शन मॉड्यूलमध्येही भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले प्रत्येकी एक वॅटचे दोन किरणोत्सारी उष्णता-संच होते. ते साहित्य गावाच्या वाट्याला येणारे नाही. निकेल-६३ चे किरण कातडीही भेदत नाहीत हे खरे; पण कवच फुटून तो पदार्थ पोटात गेला तर धोका आहे. पिण्याच्या विहिरीवर तो टांगण्याची जबाबदारी आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची चौकट, दोन्ही गटाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत.

म्हणून माझी शिफारस अशी : १२ विहिरींवर डी आकाराचे थायोनिल सेल, आणि ग्रामपंचायतीच्या गच्चीवरच्या केंद्राला सौर पॅनल. सेलचा डबा खांबावर न लावता विहिरीच्या तोंडाच्या आत, काठाच्या सावलीत, पुराच्या पाण्याच्या खुणेच्या वर टांगावा, आणि सेलवर बसवल्याचा महिना व वर्ष पक्क्या शाईने लिहून तीच तारीख गटाच्या वहीतही नोंदवावी.