आठ महिने स्क्रोल सॉ वापरल्यावर: वॅट नंतर, आधी पात्याची पकड बघा

गेल्या गणपतीत मखराची जाळी हाताच्या फ्रेट सॉनं कापताना मनगट धरलं आणि स्क्रोल सॉ, म्हणजे वरखाली हलणाऱ्या बारीक पात्यानं नक्षी कापणारं विजेचं मशीन, घ्यायचं ठरवलं. मी सांगलीत विश्रामबागला राहतो, लाकूडकाम फक्त रविवारी.

पहिलं मशीन स्वस्त बघून घेतलं, तिथं चुकलो. त्यात फक्त पिनवालं, म्हणजे टोकांना आडवी पिन असलेलं पातं बसायचं. जाळीकामात प्रत्येक घरासाठी आधी भोक पाडून त्यातून पातं ओवावं लागतं. पिन जायची तर भोक पाच-सहा मिमीचं हवं, आणि बारीक वेलबुट्टीत तेवढं भोक पाडलं की पाकळीच उरत नाही. दोन महिन्यांत ते विकलं.

आत्ताचं 16 इंची आहे, म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंत 16 इंच. वेग कमी-जास्त होतो, पातं बिनपिनीचं, 5 इंची. 5 नंबरच्या (मध्यम जाडीच्या) पात्याला दीड-दोन मिमीचं भोक पुरतं. पण पकडीचा स्क्रू नीट आवळला नाही तर पातं निसटतं. माझं पहिल्या महिन्यात दर रविवारी निसटायचं. नव्या पात्यावर तेलाचा अंश राहतो, हे उशिरा कळलं. आता पात्याची टोकं बारीक पॉलिश पेपरनं घासूनच लावतो. ताण जमला की नाही हे बोटानं छेडून कळतं: खणखणीत सूर निघाला पाहिजे. मिरजेच्या सतारवाल्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको!

थरथर हा दुसरा मोठा प्रश्न. नुसतं टेबलावर ठेवलेलं मशीन चालतं, पण रेघ वाकडी जाते. जाड फळीला बोल्टनं आवळलं, मध्ये रबर घातलं, तेव्हा फरक पडला.

शिवणीचं लाकूड लोण्यासारखं कापलं जातं. सागाला वेग कमी ठेवतो. शिसव मात्र जळून काळं पडायचं, वरून पॅकिंग टेप चिकटवल्यापासून ते जवळपास थांबलं. प्लायसाठी रिव्हर्स दातांचं पातं घ्याच. त्याचे खालचे काही दात उलटे असतात, त्यामुळं खालच्या बाजूचे कुसळ निघत नाहीत.

मशीनची भुसा उडवायची फुंकणी कमजोर आहे, भुसा रेघेवर साचतो, मास्क लागतोच. पाऊस लागल्यावर बिडाच्या टेबलावर गंजाचे ठिपके आले. आता दर रविवारी काम संपल्यावर मेण घासतो. आणि घेण्याआधी दुकानदाराला पकडीचा सुटा भाग मिळतो का ते विचारा. माझ्या वरच्या पकडीचा स्क्रू सहाव्या महिन्यात झिजला, आणि सुटा भाग यायला तीन आठवडे लागले.