एफएल स्टुडिओ: ड्रम ट्रॅकसाठी पैसे वसूल

१९९७मध्ये फ्रुटीलूप्स नावाने आलेल्या या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरची खरी ताकद आजही स्टेप सिक्वेन्सरच, म्हणजे चौकटींवर क्लिक करून ठेका रचायची पट्टी. १६ चौकटी, टेम्पो मिनिटाला १२६ ठोके. किक (जाड, खालचा ठोका) १, ५, ९, १३वर. क्लॅप (टाळीचा आवाज) ५ आणि १३वर. ओपन हॅट (झांजेसारखा आवाज) ३, ७, ११, १५वर. हाउस या नाचाच्या संगीताचा पाया पाच मिनिटांत तयार!

गडबड होते ती किक आणि बास एकत्र वाजल्यावर. दोघांचीही ताकद साधारण १०० हर्ट्झच्या खालीच, म्हणून आवाज गढूळ होतो. मिक्सरमध्ये किकचा ट्रॅक बासच्या ट्रॅकला साइडचेन करा, म्हणजे किक वाजली की बास दबेल; त्यासाठी बासवर फ्रुटी लिमिटर हा इफेक्ट टाकून त्याच्या कॉम्प (कॉम्प्रेसर) टॅबमध्ये तो साइडचेन निवडा. रिलीज, म्हणजे दबलेला बास पुन्हा वर यायला लागणारा वेळ, पुढच्या किकच्या आत संपायला हवा. १२६ला दोन किकमध्ये जेमतेम ४७६ मिलिसेकंद असतात.

नागपूरच्या मे महिन्यात लॅपटॉप तापून मंदावतो, आवाज कडकड तुटतो. ऑडिओ सेटिंगमध्ये बफर (आवाज आधीच तयार ठेवायचा साठा) १०२४ सॅम्पल करा, कूलर सुरू असलेल्या खोलीत माइक मात्र उघडू नका. तसंही सर्वात स्वस्त फ्रुटी आवृत्तीत ऑडिओ रेकॉर्डिंग नाहीच. संदल किंवा ढोल स्वतः रेकॉर्ड करायचा असेल तर प्रोड्यूसर आवृत्ती घ्या. पुढचे अपडेट आयुष्यभर मोफत, हे फार मोलाचं. ट्रायलमध्ये सेव्ह केलेलं काम विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही, म्हणून वेव्ह ऑडिओ फाइल एक्स्पोर्ट करून ठेवा.